मयसभेंतील तालीम

रोगी बरा करून घरीं पाठविला म्हणजे वैद्याचें काम संपलें, अशी आपणां सर्वांची समजूत असते, आणि बहुतेक दुखण्यांच्या बाबतींत ती खरीहि आहे. हिवताप उतरला, मोडलेला हात सांधला, पोटांतील गांठ काढून टांके सुकले, कीं मंडळी डॉक्टरांचे आभार मानून गाडींत बसतात. परंतु कांहीं जखमा अशा असतात कीं त्या वरून बुजतात, आणि ज्या कारणानें त्या झाल्या तें कारण मात्र रुग्णालयाच्या दारापाशीं रोग्याची वाट पाहत उभें असतें. अमेरिकेंतील मोठ्या शहरांत बंदुकीची गोळी लागून येणाऱ्या तरुणांची जखम या जातीची आहे. डेट्रॉइट शहरांतील शल्यवैद्यांनीं मारामारींत जखमी होऊन आलेल्या रोग्यांचा पांच वर्षें माग घेतला आणि 1989 सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचा पत्ता लागला त्यांपैकीं शेंकडा 44 जण पुन्हां तशीच इजा होऊन रुग्णालयांत आले होते, आणि शेंकडा 20 मृत्यु पावले होते. या इजेला त्यांनीं लेखाच्या मथळ्यांतच जुनाट व पुन:पुन्हां उलटणारा रोग म्हणून संबोधिलें.

एखाद्या शस्त्रक्रियेनंतर पांच वर्षांत पांचांतला एक रोगी दगावतो असें ठाऊक झालें, तर आपण आपलें माणूस त्या खाटेवर निजवूं काय? शल्यवैद्यांचें काम तर निर्दोष झालें होतें. दोष शस्त्रक्रियेच्या बाहेर, रस्त्यावर होता. आणि रस्ता हा पोलिसांचा व न्यायाधीशांचा विषय, वैद्यकाचा नव्हे, असें सर्वांनीं धरून ठेवलें होतें. या समजुतीला गेल्या तीस वर्षांत तडा कसा गेला, आणि व्हर्च्युअल रिॲलिटी किंवा आभासी वास्तव या नांवानें ओळखलें जाणारें एक यंत्र त्या जखमी रोग्याच्या उशाशीं कां येऊं पाहत आहे, हें आज वाचकांना सांगावयाचें आहे.

प्रथम थोडे आंकडे देतों. अमेरिकेंत 2023 सालीं बंदुकीनें 46,728 माणसें मेलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें 27,300, आत्महत्या होत. त्यांचा विचार निराळा आहे आणि त्याला स्वतंत्र लेखच हवा. दुसऱ्याच्या हातून मारले गेलेले 17,927 होते. गोळी लागून वांचणाऱ्यांची संख्या याहून पुष्कळ मोठी असते, आणि तें श्रेय तेथील शस्त्रवैद्यांचें. बाल्टिमोरच्या डॉ. आर. ॲडम्स काउली यांनीं ‘सुवर्ण तास’ ही कल्पना रूढ केली: इजा झाल्यापासूनचा पहिला तास हातचा जाऊं दिला नाहीं, तर मरणारा माणूस परत आणतां येतो. त्या तासासाठीं तेथें हेलिकॉप्टरें उडतात, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवलेल्या असतात, दहा माणसें एका खाटेभोंवतीं धांवतात. त्या तासानंतरच्या दिवसांकडे मात्र फार वर्षें कोणाचें लक्ष नव्हतें.

हे आंकडे वाचून ज्यांचीं मुलें-सुना तिकडे आहेत अशा घरांत थोडी चलबिचल होईल, हें आम्ही जाणतों. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाच 1981 सालीं शिकागोंत झाली. तेव्हां त्या शहराचें नांव आपल्या कित्येक माजघरांत पुण्या-नागपुराइतकें परिचयाचें आहे, आणि गोळीबाराची बातमी आली कीं इकडून आईचा फोन जातो. त्या आईसाठीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अँड्र्यू पापाख्रिस्तोस या समाजशास्त्रज्ञानें शिकागोंतील 2006 ते 2012 या वर्षांची तपासणी केली. गोळी लागून जखमी झालेल्यांपैकीं शेंकडा 70 माणसें शहराच्या लोकसंख्येच्या शेंकडा सहाहूनहि लहान अशा ओळखी-पाळखीच्या जाळ्यांत सांपडलीं. ज्यांना एकत्र अटक झाली, जे एका टोळक्यांत वाढले, अशांचीं तीं जाळीं होतीं. म्हणजे गोळी आंधळेपणानें सबंध शहरावर बरसत नाहीं. ती ओळखीच्या वाटेनें, एका मित्राकडून दुसऱ्याकडे, सांथीच्या रोगासारखी सरकते. शिकागोंतील आईला यांत थोडा दिलासा आहे. त्या जाळ्यांतल्या मुलाच्या आईला मात्र मुळींच नाहीं.

ही वाट कोणत्या वस्तूनें चालते? द्रव्यलोभानें, अमली पदार्थांच्या व्यापारानें, हें तर आहेच. परंतु फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षें हिंडून एलायजा अँडरसन यांनीं 1999 सालीं जें पुस्तक लिहिलें त्यांत त्यांचा भर निराळ्या गोष्टीवर आहे. जेथें पोलीस आपलें रक्षण करतील हा भरवसा उरलेला नाहीं, तेथें ‘याच्या वाटेला जाऊं नये’ ही ख्याति हेंच तरुणाचें चिलखत होतें. त्यामुळें टक लावून पाहणें, लागलेला धक्का, चारचौघांत झालेलें हसें हीं क्षुल्लक राहत नाहींत. एकदां अपमान गिळला कीं उद्यां कोणीहि अंगावर येईल, असा तेथील हिशेब आहे.

आमच्या वाचकांना या हिशेबाचें नवल वाटूं नये. मयसभेंत दुर्योधन पाण्याला जमीन समजून पडला आणि जमिनीला पाणी समजून वस्त्रें सांवरून चालला, लोक हंसले. (कीर्तनकार तें हंसें द्रौपदीच्या माथीं मारतात, सभापर्वांत हंसतात ते भीमादि पांडव व त्यांचे सेवक. इतक्या वर्षांनंतर तरी त्या बाईंची सुटका व्हावी.) हस्तिनापुरास परत जातांना दुर्योधनाच्या मनांत जें सुरू झालें, तेंच शिकागोच्या दक्षिण भागांत अठरा वर्षांच्या मुलाच्या मनांत सुरू होतें, फरक इतकाच कीं दुर्योधनाला द्यूताचा घाट घालण्यास अवकाश लागला, आणि या मुलाच्या कमरेला पिस्तूल आहे.

आतां तो मुलगा गोळी लागून खाटेवर पडला आहे असें समजूं या. मांडीचें हाड सांधलें आहे, नाकांत नळी आहे. बाहेरच्या जागेंत त्याची आई बसली आहे. तिच्यापासून दहा पावलांवर त्याचे मित्र उभे आहेत, आणि ‘कोणी मारली’ यावर त्यांचें हलक्या आवाजांत बोलणें चालू आहे. आज रात्रींच परतफेड करावयाची असा बेत बहुधा येथें, रुग्णालयाच्या छताखालीं शिजतो. खाटेवरचा मुलगा ‘करा’ म्हणाला तर उद्यां शेजारच्या खाटेवर दुसऱ्या आईचा मुलगा येईल. ‘थांबा’ म्हणाला तर भित्रा ठरेल. त्याला झोंप येत नाहीं. दार वाजलें कीं तो दचकतो. रुग्णालयानें त्याला वेदनाशामक गोळ्या दिल्या आहेत. या प्रश्नासाठीं देण्यासारखें त्यांच्या औषधालयांत कांहीं नाहीं.

ही उणीव ज्यांच्या प्रथम लक्षांत आली त्यांत शर्मन स्पीअर्स हे एक होते. 1989 सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरीं त्यांना गोळी लागली आणि कमरेखालचें अंग कायमचें निकामी झालें. आपण खाटेवर असतांना ज्याची गरज होती तो माणूस म्हणजे ज्यानें हें भोगलें आहे असा माणूस, या विचारांतून 1994 सालीं यूथ अलाइव्ह या संस्थेनें ‘कॉट इन द क्रॉसफायर’ नांवाचा उपक्रम सुरू केला. त्याची रीत अगदीं साधी आहे. जखमी मुलगा शुद्धीवर आला कीं त्याच वस्तींत वाढलेला, बहुधा स्वत: गोळी खाल्लेला एक कार्यकर्ता त्याच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसतो. तो उपदेश करीत नाहीं. मित्रांना शांत करतो, आईशीं बोलतो, आणि मुलगा घरीं गेल्यावर कित्येक महिने त्याचा पिच्छा सोडीत नाहीं: शाळेंत पुन्हां नांव घालणें, हरवलेलीं ओळखपत्रें मिळविणें, जुन्या वस्तींत परतणें धोक्याचें असेल तर दुसरीकडे बिऱ्हाड पाहणें. आपल्याकडे अडल्यानडल्याला धांवणारा एखादा वडीलधारा मामा असतो ना, तेंच काम; मात्र येथें तें पगारी आणि रुग्णालयाच्या कागदावर नोंदलेलें.

याचा गुण येतो काय, हें बाल्टिमोरांत डॉ. कार्नेल कूपर यांनीं पाहिलें. त्यांनीं 1998 सालीं तेथील ट्रॉमा केंद्रांत असाच उपक्रम काढला, आणि 2006 सालीं शंभर रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. हे सर्व पूर्वींहि हिंसेनें जखमी होऊन आलेले आणि न्यायखात्याच्या देखरेखीखालीं असलेले, म्हणजे सर्वांत अवघड समजले जाणारे होते. ज्यांना ही मदत मिळाली नाहीं त्यांना हिंसेच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा होण्याचें प्रमाण मदत मिळालेल्यांच्या चौपट निघालें. रोगी शंभरच होते, हें ध्यानांत ठेवूनहि हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाहीं. पुढें अशा उपक्रमांचें देशभर जाळें झालें.

मग यंत्र कशास हवें? माणूस आहे, खुर्ची आहे, बोलणें आहे. यांत काय कमी पडतें? कमी पडतो तो सराव. खाटेवर निजून ‘मी बदला घेणार नाहीं’ म्हणणें एक, आणि तीन आठवड्यांनीं कोपऱ्यावरच्या दुकानापाशीं तोच चेहरा समोर आला असतां हात खिशाकडे न जाऊं देणें दुसरें. पहिलें काम बुद्धीचें आहे, दुसरें हातापायांचें. आणि हातापायांना व्याख्यानानें कांहीं शिकवितां येत नाहीं. शिकागोंतील ‘बिकमिंग अ मॅन’ या शालेय उपक्रमांत या तत्त्वावर बेतलेला एक खेळ आहे. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठींत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. झटापट होते, बोटें पिरगाळलीं जातात, मुलें जमिनीवर लोळतात. मग शिक्षक विचारतो, तुमच्यांपैकीं एकानेंहि चेंडू नुसता मागितला कां नाहीं? मागितला असता तर मी दुबळा दिसलों असतों, असें उत्तर येतें. तोच प्रश्न चेंडू धरणाऱ्याला केला तर तो म्हणतो, मागितला असता तर दिलाहि असता, चेंडूच तो! शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं चिठ्ठ्या टाकून मुलें निवडून या उपक्रमाची परीक्षा केली, तेव्हां तो चालू असतांना हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका शेंकडा 45 ते 50 नीं घटलेल्या आढळल्या. उपक्रम संपल्यावर मात्र अटकांवरचा परिणाम टिकला नाहीं. तालमींत जाणें बंद केलें कीं अंग सुटतें, तसेंच हें.

तालीम हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला आहे. मराठींत पैलवानाची ती तालीम आणि नाटकाचीहि ती तालीम. दोन्ही ठिकाणीं पडावयास, चुकावयास मोकळीक असते. माती मऊ असते, प्रेक्षक नसतात. गोळीच्या वाटेवर जगणाऱ्या मुलाला अशी जागा कोठेंच नाहीं. त्याची पहिली चूक हीच शेवटची. आभासी वास्तवाचें यंत्र त्याला ती जागा देऊं करतें.

यंत्राची रचना थोडक्यांत अशी. डोळ्यांवर चष्म्यासारखी एक पेटी बांधतात. आजच्या पेट्यांचें वजन सुमारें अर्धा किलो भरतें. आंत प्रत्येक डोळ्यापुढें किंचित् निराळें चित्र असतें, त्यामुळें दृश्याला खोली येते. आणि मान वळविली कीं चित्रहि त्याच क्षणीं वळतें, त्यामुळें आपण चित्र पाहत नसून चित्रांत उभे आहों असें मन धरून चालतें. आयव्हन सदरलंड यांनीं 1968 सालीं असें पहिलें यंत्र केलें तेव्हां तें इतकें अवजड होतें कीं छताला टांगून ठेवावें लागे. मयासुराची ही कारागिरी बुद्धीला फसवीत नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. समोरची दरी खोटी आहे हें पाहणाराला पक्कें ठाऊक असतें. तरीहि पाऊल पुढें पडत नाहीं आणि तळहाताला घाम फुटतो. अंग फसतें आणि बुद्धि शाबूत राहते, आणि शिकविणाराला नेमकें हेंच हवें असतें.

वैद्यकांत याचा उपयोग नवा नाहीं. सिॲटल येथें हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनीं भाजलेल्या रोग्यांसाठीं ‘स्नोवर्ल्ड’ नांवाचें हिमप्रदेशाचें दृश्य तयार केलें. मलमपट्टी बदलतांना, जेव्हां अफूजन्य औषधेंहि अपुरीं पडतात तेव्हां, रोगी बर्फाच्या दरींतून तरंगत हिममानवांवर बर्फाचे गोळे फेंकीत राहतो आणि त्याची वेदना प्रत्यक्ष कमी होते. मनाचें लक्ष मर्यादित असतें. तें दुसरीकडे गुंतलें कीं वेदनेच्या वांट्याला थोडेंच उरतें. मूल रडूं लागलें कीं चिमणी दाखवून घास भरविणाऱ्या प्रत्येक आजीला हें शास्त्र अवगत आहे. अटलांटा येथें बार्बरा रॉथबॉम व त्यांचे सहकारी यांनीं 1995 सालीं उंचीच्या भीतीवर हाच उपाय योजला: आभासी पूल, सज्जे, कांचेची लिफ्ट. पुढें व्हिएतनामांत लढलेल्या व आणखी पुढें इराकांतून परतलेल्या सैनिकांना, थेरपिस्ट शेजारीं बसलेला असतां, त्या त्या रणभूमीचें दृश्य हळूहळू दाखवून मनांत रुतलेली भीति सैल करण्याचे प्रयोग झाले. गोळी लागलेल्या मुलाची स्थिति या सैनिकाहून फारशी निराळी नाहीं. एवढेंच कीं सैनिक रणभूमि सोडून घरीं आलेला असतो, आणि या मुलाचें घर रणभूमींतच असतें.

आतां हीच कला गोळीनें जखमी झालेल्यांच्या खाटेपाशीं नेण्याचा प्रयत्न चालू आहे. त्याचीं तीन अंगें संभवतात. पहिलें वेदनेचें: नुसत्या औषधांवर विसंबलें तर अमली पदार्थांच्या व्यसनाचें भय असतें, आणि ज्या वस्तींतून हा मुलगा आला तेथें तें भय कल्पनेंतलें नाहीं. दुसरें झोंपेचें व दचकण्याचें. कारण सतत दचकणारा माणूसच शस्त्र जवळ बाळगतो. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें, तालमीचें. असा प्रसंग कल्पावा: मुलगा खाटेवरच आहे, परंतु डोळ्यांपुढें त्याच्या वस्तीसारखा रस्ता आहे. समोरून तिघे येतात, एकजण कांहीं टोंचून बोलतो. कार्यकर्ता शेजारीं बसून विचारतो, आतां छातींत काय होतें आहे? श्वास कोठें अडकला? काय बोलशील? मुलगा बोलतो; प्रसंग चिघळतो किंवा निवळतो. चिघळला तर पेटी काढून दोघे हंसतात, पाणी पितात, आणि पुन्हां पहिल्यापासून सुरू करतात. दुर्योधनाला मयसभेंत दुसऱ्यांदां, कोणी पाहत नसतां, चालून पाहण्याची संधि मिळाली असती तर! परंतु तेवढ्यानें महाभारत टळलें असतें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. राज्याच्या वांटणीचा प्रश्न उरलाच असता.

गुण किती येईल याविषयीं जे प्रयोग अन्यत्र झाले ते उमेद देणारेहि आहेत आणि जमिनीवर आणणारेहि. बार्सिलोना येथें 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्त्रियांना मारहाण करणाऱ्या वीस पुरुषांना या पेटींतून स्त्रीच्या देहांत उभें केलें. आरशांत पाहिलें तर स्त्री, खालीं पाहिलें तर स्त्रीचेंच शरीर. आणि समोरून एक पुरुष ओरडत, अंगावर येत आहे. यापूर्वीं या पुरुषांना स्त्रीच्या चेहऱ्यावरील भीति नीट ओळखतां येत नसे. भ्यालेल्या मुद्रेला ते आनंदी म्हणत. या अनुभवानंतर ती ओळख सुधारली. आम्हांस हा प्रयोग फार बोलका वाटतो: जो भीति ओळखीतच नाहीं, त्याला दयेची भाषा काय कळणार? नेदर्लंड्समध्यें 2022 सालीं गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्या तरुणांची त्यांच्याच वयानें वाढलेल्या रूपाशीं आभासी भेट घडवून आणली; आठवड्यानें त्यांनीं स्वत:च दिलेल्या माहितीप्रमाणें दारू व उधळपट्टी कांहींशी घटली होती. जो मुलगा आपण पंचविशी गांठूं असें धरून चालत नाहीं, त्याला स्वत:चें पांढरें केस असलेलें रूप दाखवावें, ही कल्पनाच आम्हांस हृद्य वाटते.

परंतु त्याच देशांत 2020 सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग या उत्साहाला लगाम घालतो. न्यायालयानें मनोरुग्णालयांत ठेवलेल्या 128 रोग्यांवर रागाच्या आभासी तालमीची परीक्षा झाली. रोगी म्हणत, आम्हांस राग आवरतां येऊं लागला. परंतु परिचारकांनीं नोंदलेल्या प्रत्यक्ष आक्रमक वर्तनांत तालीम न मिळालेल्यांच्या मानानें लक्षणीय घट दिसली नाहीं, आणि जी सुधारणा रोग्यांना जाणवली तीहि तीन महिन्यांत ओसरली. म्हणजे शिकागोंतल्या शाळेचाच अनुभव पुन्हां. एकट्या पेटीनें माणूस बदलत नाहीं. तालीम चालू ठेवावी लागते, आणि ती चालू ठेवण्यास वस्ताद लागतो.

घरांतील वडील मंडळी एक आक्षेप हमखास घेतील: ज्या पेट्या डोळ्यांना बांधून नातवंडें दिवसभर गोळ्या झाडण्याचे खेळ खेळतात, त्याच पेटीनें गोळीबार थांबणार? आक्षेप वाजवी आहे, पण त्याचें उत्तरहि त्यांतच आहे. दांडपट्टा फिरविण्याची तालीम होते तशी म्यान न उघडण्याचीहि होऊं शकते, माती तीच. आम्हांस अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ज्याला आठवड्यापूर्वीं गोळी लागली तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. त्याच्या डोळ्यांवर पेटी बांधणें म्हणजे दार दिसेनासें करणें. त्याला न विचारतां, शेजारीं भरवशाचें माणूस नसतां हें केलें, तर उपाय राहील बाजूला आणि जुनी जखम उघडी पडेल. शिवाय हीं यंत्रें नजर कोठें खिळली, मान कशी वळली, हें टिपून ठेवूं शकतात. ज्याच्या खोलीबाहेर पोलीस बसलेले असतात अशा रोग्याच्या बाबतींत तीं टिपणें कोणाच्या हातीं जावींत, हें यंत्र खाटेपाशीं नेण्यापूर्वीं ठरलें पाहिजे.

या विषयांत ज्ञान इतकें अपुरें कां, याचेंहि एक कारण आहे. अमेरिकन काँग्रेसनें 1996 सालीं अर्थसंकल्पांत एक कलम घातलें: सरकारी आरोग्यखात्याचा पैसा बंदूकनियंत्रणाच्या पुरस्कारासाठीं वापरूं नये. कलम संशोधनाच्या विरुद्ध नव्हतें, पण धास्ती अशी बसली कीं संशोधनच जवळ जवळ थांबलें. 2019 च्या अखेरीस अडीच कोटि डॉलर मंजूर झाले तेव्हां कोठें गाडी पुन्हां हलली. मध्यंतरीं, 2018 च्या नोव्हेंबरांत, बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेनें डॉक्टरांना आपल्या पायरीनें राहण्याची समज दिली. त्यावर शेंकडों शल्यवैद्यांनीं आपले रक्तानें माखलेले अंगरखे व बूट यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. याहून सडेतोड उत्तर आम्हीं क्वचितच पाहिलें असेल. 2024 च्या जूनमध्यें सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ति यांनीं बंदुकीची हिंसा हें सार्वजनिक आरोग्यावरील संकट असल्याचें जाहीर केलें. आणि 2025 च्या एप्रिलांत न्यायखात्यानें अशा हिंसानिवारक कामांना दिलेलीं पुष्कळ अनुदानें मुदतीपूर्वींच बंद केलीं.

या शेवटच्या बातमीमुळेंच आम्हांस हा विषय आज लिहावासा वाटला. पेटी एकदां विकत घेतली कीं पगार मागत नाहीं, रजा घेत नाहीं, रात्रीं दोन वाजतां तिला दूरध्वनि करावा लागत नाहीं. कार्यकर्त्याला या सर्वांची गरज असते. पैसा आटला कीं हिशेबनीस खुर्चीवरच्या माणसाकडे पाहतो आणि मग पेटीकडे पाहतो. ओकलंड व बाल्टिमोर येथें जें साधलें तें त्या माणसानें साधलें; पेटीनें त्याच्या हाताला बळ येईल, पण त्याच्या जागीं ती बसविली तर मुलाच्या डोळ्यांवर चित्र राहील आणि शेजारची खुर्ची रिकामी असेल.

रुग्णालय सोडण्याच्या दिवशीं काय होतें तें पाहावें. गोळी लागून आलेल्या रोग्याचे कपडे पहिल्या पांच मिनिटांत कातरीनें कापून काढलेले असतात, आणि ते पुरावा म्हणून पोलीस घेऊन जातात. त्यामुळें घरीं जाण्यास निघालेल्या मुलापाशीं बहुधा अंगावर घालण्यास कांहींच नसतें; बूटहि नसतात. म्हणून अनेक ठिकाणीं कार्यकर्त्यांच्या खोलींत निरनिराळ्या मापांचे पायजमे, सदरे व बनियन घड्या घालून ठेवलेले असतात. सकाळीं तो त्यांतला एक जोड घेऊन येतो, मुलाला कुबडीवर उभें राहण्यास हात देतो, आणि कोणत्या रस्त्यानें घरीं जावयाचें हें दोघे मिळून ठरवितात. परिचारिका पेटी जंतुनाशकानें पुसून, पुढच्या खाटेसाठीं, भिंतीवरच्या विजेच्या जोडणीला लावून ठेवते.